गुडघ्यावर मोडलेली बंदूक

आत्यांचा उजवा हात कानाच्या वर जात नसे. पाण्याची घागर त्या डाव्या कमरेवर घ्यायच्या, गोठ्याची कडी डाव्या हातानं लावायच्या, आणि केस विंचरायला कुणी बाईमाणूस येईपर्यंत डोईचा पदर खाली येऊ द्यायच्या नाहीत. मी त्यांच्या वस्तीवर गेले की आधी फणी माझ्या हातात यायची, पाण्याचा तांब्या मागून.

या माझ्या मालकांच्या सख्ख्या आत्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. मीही त्यांना आत्याच म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि यजमान वारून बरीच वर्षं झाली होती. जाफराबादच्या अलीकडे पूर्णेच्या काठाला त्यांचं शेत होतं. विहीर, विहिरीभोवती मोसंबीची बाग, बागेच्या तोंडाशी दोन खणांचं धाब्याचं घर. एक म्हातारा सालगडी होता, तो गोठ्यात निजायचा. गाव तिथून लांब. दिवसासुद्धा मोटेचा आवाज थांबला की तिथं इतकं शांत व्हायचं की मला आपल्याच बांगड्यांची लाज वाटायची.

तरुणपणी आत्यांची बैलगाडी उलटली आणि खांदा निखळला. हाडं बसवणाऱ्यानं तो बसवला, पण वाकडा. पुढं वय झालं तशी बोटांची पेरं सुजली, आंगठा वळेनासा झाला, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. तरी मोसंबीच्या प्रत्येक झाडाचं आळं त्या स्वतः बघायच्या. झाडांना त्यांनी नावं ठेवली होती म्हणतात, पण ती मोठ्यानं कधी घेतली नाहीत. तोंडातल्या तोंडात बोलायच्या झाडांशी.

पोलीस ॲक्शन होऊन चार-सहा वर्षं झाली असतील. आमच्याकडचं मोठं भय सरलं होतं, पण चोऱ्यामाऱ्या होत्याच. एका उन्हाळ्यात आत्यांच्या वस्तीवर माणसं आली. सालगड्याला त्यांनी लिंबाच्या झाडाला बांधलं, घरातली ज्वारीची पोती नेली, तांब्याचं घंगाळ नेलं, जाताना पाळीव कुत्र्याला दगडानं मारून गेली. आत्यांच्या अंगाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, दारापुढं उभे राहून चौकट बघत होते. चौकट धड, कडी धड, कोयंडा धड.

"दार कसं मोडलं त्यायनी?" मामंजींनी विचारलं.

आत्या ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "मोडलं न्हाई. मीच उघडलं."

"काहून?"

"उघड म्हणले. माझ्या हातात काही नव्हतं. मंग उघडलं."

इतकंच बोलल्या. पण ते बोलताना त्यांनी मान खाली घातली. आत्यांनी मान खाली घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. घंगाळ गेलं, पोती गेली, त्याचं त्यांनी एकदाही नाव काढलं नाही. आपण आपल्या हातानं दार उघडलं, हे मात्र त्यांच्या मनातून जाईना.

मामंजींचं म्हणणं सरळ होतं. बाग अर्धलीनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, लावून द्यायची आणि बहिणीनं गावात आमच्या घरी यायचं. घर मोठं होतं, खाणारी तोंडं होती तशी करणारे हातही होते. आत्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला बंदूक घेऊन दे."

माझे मालक हसले. त्यांना हसायची सवयच होती. "आत्या, तुम्हाला वेणी घालायला बाई लागती, आन् बंदूक कोण धरील?"

"तू नको धरू. तू हस."

मामंजी हसले नाहीत. ते बहिणीला ओळखून होते. बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले आणि मग म्हणाले, "आक्का, बरं. परवान्याचं मी बघतो. पण माझी एक बात ऐक. बंदूक तू भरायची, तू उडवायची, उडवल्यावर मोकळी बी तूच करायची. माझ्या डोळ्यासमोर. कोणी हात लावणार न्हाई. जमलं तर ऱ्हा हितंच. न्हाई जमलं तर गाडीत बसायचं, बिलकुल बोलायचं न्हाई."

"बसते," आत्या म्हणाल्या.

त्यांच्या यजमानांची एक जुनी ठासणीची बंदूक होती. पोलीस ॲक्शनच्या वेळी सगळ्यांची हत्यारं जमा करून घेतली तेव्हा ती ठाण्यात गेली होती. पुढं परत आली ती गंजून, पण उडत होती. मामंजींनी आधी तीच आणून आत्यांपुढं उभी केली. उभी केली तर ती आत्यांच्या कपाळापर्यंत आली. ठासणीच्या बंदुकीत दारू वरून, नळीच्या तोंडातून ओतायची, वर चिंधी, वर छर्रे, आणि मग लांब गजानं वरून खाली ठासायचं. म्हणजे हात डोक्याच्या वर न्यायचा. आत्यांनी डाव्या हातानं गज धरून बघितला, उजवा हात मदतीला नेऊन बघितला. तो कानापाशी आला आणि थांबला.

"ही माझी न्हाई," त्या म्हणाल्या. "हिला दोन माणसं लागत्यात. आन् भरून होईस्तवर चोरानं दम धरावा लागतो."

मग जालन्याला जायचं ठरलं. जालन्यात बंदुकीचं दुकान होतं. आत्यांच्या सोबतीला बाईमाणूस पाहिजे म्हणून मला घेतलं. मी त्याआधी जालना पाहिलं नव्हतं. जाफराबादहून मोटारीनं गेलो. आत्या खिडकीपाशी बसून रस्त्याकडेची शेतं बघत होत्या आणि कुणाची ज्वारी कशी आहे ते मला सांगत होत्या, जणू आम्ही नात्यातल्या लग्नालाच चाललो होतो.

दुकानावरची पाटी उर्दूत आणि इंग्रजीत होती, मला दोन्ही वाचता आली नाही. मी चौथी शिकलेली, ती मराठी. आत तेलाचा वास होता, शिवणयंत्राला घालतात तसल्या तेलाचा. काचेच्या कपाटात बंदुका ओळीनं उभ्या होत्या आणि सगळ्यांच्या चापातून एकच साखळी ओवली होती. मला एकदम दावणीला बांधलेली जनावरं आठवली. मी दारातच थांबले. त्या इतक्या शांत उभ्या होत्या की त्यांच्यापुढं मोठ्यानं बोलावंसं वाटेना. दुकानदार पिकल्या दाढीचा मुसलमान गृहस्थ होता. त्यानं आत्यांना स्टूल दिलं, मलाही दिलं. मी बसले नाही.

"किसके वास्ते?" त्यानं मामंजींना विचारलं.

"हिच्यासाठी."

दुकानदारानं आत्यांकडे बघितलं. हसला नाही. आत्यांच्या हातांकडे मात्र नीट बघितलं, कासार बांगड्या भरायच्या आधी बघतो तसं.

माझ्या मालकांना कपाटातली दुनळी आवडली होती. दोन नळ्यांची, लाकडावर नक्षी कोरलेली. त्यांनी ती आत्यांच्या हातात द्यायला लावली. आत्यांनी मागचा लाकडी दस्ता काखेत घेतला, पण नळ्यांचं तोंड हळूहळू खाली गेलं आणि जमिनीला टेकलं.

"दोन नळ्या म्हणजे दोन बार, आत्या," मालक म्हणाले. "एक हुकला तर दुसरा."

"पहिलाच उचलंना, बाबा. दुसरा तू माझ्या पाठीमागं उभा राहून उडव."

मग दुकानदारानं एक पिस्तूल काढलं. तळहाताएवढं. मला ते बघून नवल वाटलं की एवढ्याशा वस्तूत माणसाचा जीव घ्यायची ताकद मावते. पण ते धरायचं तर हात लांब करून, आणि चाप ओढायचा एका बोटानं. आत्यांचं मनगट थरथरत होतं, नळी कपाटावरून छताकडं आणि छतावरून माझ्या मालकांकडं फिरली. मालक बाजूला सरकले. पिस्तूल रिकामं होतं, तरी सरकले.

"याला येगळा परवाना लागतो," मामंजी म्हणाले.

"लागंना का," आत्या म्हणाल्या आणि पिस्तूल परत दिलं. "पण ह्ये चोराला दिसंल तरी का? त्याला वाटंल म्हातारी अडकित्ता दाखवून राह्यली."

दुकानदार आता हसला. आत गेला आणि दोन एकनळी बंदुका घेऊन आला. दोन्ही सडसडीत, नळी बारीक. पूर्वी छावणीतल्या साहेबांच्या मडमा असल्या बंदुकांनी पाखरं मारायच्या, असं त्यानं सांगितलं. धक्का कमी, वजन कमी. आत्यांनी पहिली उचलली आणि ती उचलली गेली. त्यांचा चेहरा बदलला. कुणाचं तरी लेकरू पहिल्यांदा कडेवर घेतल्यावर बाईचा चेहरा होतो तसा झाला.

पण त्या बंदुकीचा घोडा बाहेर होता. उडवण्याआधी तो आंगठ्यानं मागं ओढून बसवायचा. आत्यांचा आंगठा त्यावर गेला, दाबला, निसटला. पुन्हा दाबला, पुन्हा निसटला. आंगठ्याचं पेर पांढरं पडलं. बंदूक त्यांनी मांडीवर ठेवून दिली.

दुसऱ्या बंदुकीचा घोडा आत होता, दिसतच नव्हता. ती उघडली की घोडा आतल्या आत आपोआप चढतो, असं दुकानदारानं सांगितलं. त्यानं ती काखेत धरून वरचा खटका सरकवला, नळी खाली दाबली आणि बंदूक मधोमध वाकली. मला वाटलं मोडलीच. त्यानं नळीत बघितलं, रिकामी असल्याची खात्री केली आणि ती वाकलेली बंदूक उजेडाकडं धरून आत्यांना आतून बघायला सांगितलं. आत्यांनी डावा डोळा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, तू बी बघ."

मी पदर पुढं ओढून वाकले. आत उजेडाची कडी होती, तिच्या आत अजून एक, तिच्या आत अजून एक, आणि अगदी शेवटी रस्त्यावरच्या आभाळाचा पैशाएवढा तुकडा. विहिरीत वाकून बघावं आणि खाली आभाळ दिसावं तसं. इतकी स्वच्छ, इतकी गुळगुळीत वस्तू मी पाहिली नव्हती. तिच्यातून मरण जातं हे खरं वाटेना. मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे, मालकांनी खाकरून मला भानावर आणलं.

दुकानदारानं बंदूक बंद करून आत्यांच्या हातात दिली. म्हणाला, "अब तुम करो, अम्मा. इसकू तोडो."

आत्यांनी मामंजींकडं बघितलं. "काय म्हणून राह्यला ह्यो? नवीकोरी बंदूक तोड म्हणतो?"

"तोडो म्हणजे उघड, आक्का. त्यांची बोली हाय तशी."

आत्यांनी दुकानदारासारखी ती काखेत धरली. उजव्या काखेत धरायला खांदा आडवा आला, डाव्या काखेत धरली तर उजव्या हातात नळी दाबायची ताकद नाही. दात आवळून त्यांनी जोर लावला. बंदूक हलली नाही. पुन्हा लावला. कपाळाला घाम आला.

मामंजी उठले. "चल आक्का. ह्ये आपलं काम न्हाई." त्यांचा आवाज मऊ होता, आणि त्यात सुटल्यासारखं वाटलेलं मला ऐकू आलं. त्यांना बहीण घरी हवी होती. त्यात वाईट काही नव्हतं.

आत्या स्टुलावरून उठल्या, पण दाराकडं गेल्या नाहीत. दुकानाच्या आतल्या पायरीवर बसल्या.

"तोडायचीच ना?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"हौ, अम्मा."

त्यांनी लुगड्याचा घोळ आवरला, उजवा गुडघा उभा केला आणि बंदूक त्यावर आडवी ठेवली. बरोबर मध्यावर. आमच्याकडं कापूस निघाला की वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, उपटून आणतात आणि वर्षभर चुलीला घालतात. जाड पऱ्हाटी हातानं मोडत नाही. ती गुडघ्यावर ठेवायची आणि दोन्ही टोकांवर अंगाचा भार द्यायचा. आत्यांनी खटका मनगटाजवळच्या तळहातानं सरकवला, एक हात दस्त्यावर, एक नळीवर ठेवला आणि रोज संध्याकाळी चुलीपुढं करतात तेच केलं.

दुकानदार अर्धा उठला. त्याला वाटलं असणार, ही म्हातारी शब्दशः तोडते आता.

कट्ट असा आवाज झाला आणि बंदूक उघडली. सहज उघडली, शेंग उकलावी तशी.

मी आत्यांच्या हातांकडं बघत राहिले. तेच हात, सुजलेल्या पेरांचे, ज्यांच्यानं फणी धरवत नव्हती. दुकानदारानं हळूच ती बंदूक त्यांच्याकडून घेतली, बंद केली, स्वतः पायरीवर बसला आणि आपल्या गुडघ्यावर ठेवून उघडून बघितली. मग पुन्हा एकदा.

"बराबर है," तो म्हणाला. "मगर अम्मा, एक बात. नली मेरे पोते की तरफ थी." त्याचा नातू खरंच कोपऱ्यात जमिनीवर झोपला होता. "खाली हो तो भी, भरी हो तो भी, नली आदमी की तरफ नक्को."

"चुकलं," आत्या म्हणाल्या. त्यानंतर मी त्यांच्या हातात कितीदा ती बंदूक पाहिली, पण नळी माणसाकडं गेलेली पाहिली नाही. गुडघ्यावर घ्यायच्या आधी त्या सगळीकडं बघायच्या, बैल कुठं आहे तेसुद्धा.

दुकानदारानं मग मनापासून शिकवलं. उजव्या डोळ्यात पडदा म्हणून डाव्या डोळ्यानं बघायचं, म्हणून दस्ता डाव्या खांद्याला आणि चाप डाव्या हाताला. आंगठ्याशेजारचं बोट पुरतं वाकत नव्हतं म्हणून चापावर मधलं. नळी कशावर तरी टेकवायची, हातानं पेलायची नाही.

मामंजींना डावा हात पटेना. "आक्का, हत्यार डाव्या हातानं?"

"देवाला फूल उजव्या हातानं वाहते. चोराला डावा चालंल."

बंदूक वस्तीवर आली. हात पोचावा म्हणून आत्यांनी भिंतीला कमरेइतक्या उंचीवर खुंटी मारून घेतली. काडतुसं वेगळी, कोनाड्यात, दिव्यामागं. रोज चुलीला पऱ्हाट्या मोडून झाल्या की त्या रिकामी बंदूक घ्यायच्या आणि गुडघ्यावर उघडायच्या, मिटायच्या, उघडायच्या. सालगडी सांगायचा, "आधी वाटलं, बाईनं बंदूकच चुलीत घातली."

शिमग्याच्या आधी, मोसंबीची तोड सुरू असताना, मामंजींनी दिवस ठरवला. सकाळी आम्ही गाडीतून निघालो. गाडी रिकामी होती. मी मागं बसले तेव्हा माझ्या पायाला काहीतरी लागलं. बघितलं तर सोल, म्हणजे जाड दोर होता, नवा, आणि त्याच्यासोबत घडी केलेल्या दोन गोधड्या. ट्रंक बांधायला सोल, आणि भांडी आपटू नयेत म्हणून गोधड्या. मामंजी पाठमोरे बसले होते. वाटभर ते बैलांशीसुद्धा बोलले नाहीत.

वस्तीवर पोचलो तर अंगणात टोपल्या मांडलेल्या होत्या. मोसंबीनं भरलेल्या, वर पाला झाकलेला. आत्या नेहमीसारख्या कामाच्या लुगड्यात होत्या. त्यांची ट्रंक बांधलेली नव्हती, भांडी फळीवर होती. गाडीतला सोल त्यांना दिसला. मला म्हणाल्या, "चहा टाक, पोरी. आधी चहा घ्या समदे."

चहा झाला. मालकांनी पलीकडच्या उंच बांधापुढं एक मडकं पालथं ठेवलं. बांधामागं नदी, माणूस कुणी नाही. सालगड्यानं बैल लांब नेले. विहिरीजवळ, मोट ओढताना बैल जिथून चालतात त्या धावेच्या कडेला एक दगड होता, त्यावर आत्या बसल्या. समोर भुशाचं पोतं ठेवून घेतलं. आम्हाला सगळ्यांना त्यांनी हनुवटीच्या खुणेनंच मागं सरकवलं. मामंजीसुद्धा सरकले. आमच्या घरात मामंजींना मागं सरकवणारं दुसरं कुणी नव्हतं.

आत्यांनी इकडंतिकडं बघितलं, बंदूक गुडघ्यावर घेतली आणि मोडली. काडतूस कमरेच्या पिशवीतून काढलं. ते दोन बोटांत धरवत नव्हतं म्हणून तळहातावरूनच नळीत घरंगळवलं. बंदूक मिटली. नळी पोत्यावर टेकवली. खांद्याला दस्ता लावला. मोसंबीच्या बागेत कुठंतरी पोपट कलकल करत होते.

मी कानावर हात ठेवले आणि डोळे मिटले. तरी तो आवाज मला पायांतून आला. जमिनीतून. डोळे उघडले तेव्हा पोत्यापुढं धूर होता आणि बागेतले सगळे पोपट एकदम वर उडाले होते, हिरवं आभाळच झालं होतं. मग नदीच्या पल्याडच्या काठावरून तो आवाज परत आला, जणू कुणी तिकडून जबाब दिला. आणि आत्या दगडावर तशाच बसलेल्या होत्या. हललेल्या नव्हत्या. माझ्या अंगावर काटा आला. देवळात गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर येतो तसा. मला त्यांच्या जवळ जायची भीती वाटली आणि जावंसंही वाटलं.

मडकं होतं तिथंच होतं. मालकांनी पुढं जाऊन ते उचललं, फिरवून बघितलं.

"आत्या, मडकं जितं हाय."

"मडक्यानं माझं काय चोरलंय?" आत्या म्हणाल्या.

"नेम चुकला, आक्का," मामंजी म्हणाले.

"नेमाचं बोलणं नव्हतं झालं."

ते खरं होतं. पण अजून मोकळी करायचं राहिलं होतं. आत्यांनी बंदूक गुडघ्यावर घेतली, खटका सरकवला, भार दिला. उघडली नाही. बार काढल्यावर घोडा पुन्हा चढवायचा असतो, त्यामुळं ती जड झाली होती. शिवाय धक्क्यानं डावा हात बधिर झाला होता, ते मला नंतर कळलं. त्यांनी पुन्हा भार दिला. दस्ता लुगड्यावरून घसरला. मामंजींनी एक पाऊल पुढं टाकलं.

"थांब," आत्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही.

मामंजी थांबले. त्यांचा हात मात्र पुढंच राहिला होता. त्या हाताकडं बघून मला वाटलं, यांना मदत करायची आहे की गाडीकडं न्यायचं आहे, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसेल. मी मनातल्या मनात पऱ्हाट्या मोडत होते. गुडघा थोडा खाली, आत्या, थोडा खाली. तोंडातून शब्द निघाला नाही. मोठ्या माणसांपुढं माझ्या तोंडून कधीच निघत नसे.

आत्यांनी लुगडं मांडीपर्यंत वर घेतलं. भावापुढं, भाच्यापुढं, गड्यापुढं. उघड्या गुडघ्यावर बंदूक ठेवली, थोडी सरकवली, आणि डोळे मिटून सगळं अंग तिच्यावर टाकलं.

कट्ट झालं.

नळीच्या मागच्या तोंडातून धुराची बारीक रेघ निघाली. रिकामं काडतूस अर्धं बाहेर आलं होतं. ते बोटांना गरम लागत होतं, धरवतही नव्हतं. चुलीवरून पातेलं उतरवायला धरतो तसा त्यांनी पदराचा शेव त्याभोवती धरला आणि ओढून काढलं. लुगडं सारखं केलं. उठल्या, भावापाशी गेल्या आणि ते त्याच्या तळहातावर ठेवलं.

"गरम हाय," मामंजी म्हणाले.

"मंग."

मामंजी त्या काडतुसाकडं बघत राहिले. मोठा माणूस, गावात ज्यांचा शब्द खाली पडत नव्हता. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे दिसले, पण धूर होता, त्यामुळंही असेल.

"म्हणजे तू येत न्हाईस."

"तू येत जा की. वाट का मोडली?"

मामंजींनी काडतूस कोटाच्या खिशात घातलं आणि सालगड्याला हाक मारली. "टोपल्या चढव गाडीत." मोसंबीच्या टोपल्या गोधड्यांवर बसवल्या आणि त्या नव्या सोलानं आवळून बांधल्या. आत्या उभ्या राहून कुठली गाठ ढिली आहे ते सांगत होत्या. गाडी भरून गेली. त्यांनी टोपल्या पहाटेच का भरून ठेवल्या होत्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

मला त्यांनी ठेवून घेतलं. केस विंचरायला, असं मामंजींना सांगितलं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशा त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चोळी काढायला हात लाव, पोरी. माझ्यानं व्हईना."

डावा खांदा जांभळा झाला होता, गळ्याच्या हाडापासून दंडापर्यंत. आता दोन्ही हात वर जात नव्हते. मी एरंडाची पानं गरम करून शेकलं. त्या समोरच्या बागेकडं बघत होत्या. पोपट पुन्हा येऊन बसले होते.

"भावाला सांगू नको," त्या म्हणाल्या. "उगं गाडी पाठवील पुन्हा."

"नाही सांगत."

मी त्यांचे केस विंचरले. स्वयंपाकाला लागले. पऱ्हाट्या मी मोडल्या, आत्या बघत होत्या आणि गुडघा कुठं धरायचा ते मला सांगत होत्या. मी लहानपणापासून पऱ्हाट्या मोडत आले होते, पण मी ऐकून घेतलं.

दिवेलागणीला दार वाजलं. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. आत्या खुंटीपाशी बसल्या होत्या. उठल्या नाहीत, बंदुकीला हातसुद्धा लावला नाही. बसल्या जागेवरून विचारलं, "कोण हाय?"

तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. त्यात राग नव्हता, भीती नव्हती. घर ज्याचं आहे त्यानं विचारावं तसं विचारलं होतं.

"मी हाय, बाई, मी," बाहेरून सालगडी घाईघाईनं म्हणाला. "भाकरीला आलोय. मीच हाय."

"एकला?"

"एकलाच, बाई. बिलकुल एकला."

आत्या माझ्याकडं बघून थोडंसं हसल्या. मग भिंतीला धरून उठल्या, दोन्ही दुखऱ्या हातांनी कडी काढली आणि दार उघडलं.